टिपणे कोणासाठी?

जून महिना उजाडला की आपल्या घरांतून महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू होते. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढल्या जातात, दाखले शोधले जातात, शुल्काची जुळवाजुळव होते. मुलगा वा मुलगी अंध असेल, कर्णबधिर असेल, किंवा वाचताना जिची अक्षरे एकमेकांत मिसळतात अशी असेल, तर या धावपळीत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची भर पडते. तेही मिळते. प्रवेशही मिळतो. प्राचार्य कौतुकाचे दोन शब्द बोलतात. मग वर्ग सुरू होतात, मोबाइलवरील वर्गाच्या गटात पहिल्या घटकाची टिपणे येतात, आणि अंध विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते? कोणाच्या तरी वहीच्या पानांची छायाचित्रे. शेजारी बसलेला मित्र ती पाहतो आणि वाचू लागतो. या विद्यार्थ्याचा मोबाइल मात्र 'चित्र' एवढा एकच शब्द उच्चारून गप्प बसतो.

महाविद्यालयाने त्याला दार उघडले, बाक दिला, हजेरीपटावर नाव दिले. शिकण्याची वस्तू तेवढी दिली नाही. आमचे म्हणणे असे की, टिपणे वाचता न येणे हा या विद्यार्थ्याचा दोष नव्हे. तो टिपणांचा दोष आहे. आणि ज्याने टिपणे तयार केली त्यानेच, ती तयार करताना, तो दूर केला पाहिजे. 'कोणीतरी वाचून दाखवील' हे उत्तर दयेचे आहे. शिक्षणसंस्थेला ते शोभत नाही. मराठीतून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा दोष दुप्पट आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून आज आम्ही बोलत आहोत.

अंध विद्यार्थी आज वाचतो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ब्रेल आहेच. १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान लिपी मुक्रर झाली आणि मराठीही सहा टिंबांत लिहिली जाऊ लागली. परंतु ब्रेलची पुस्तके जाडजूड आणि महाग असतात, आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रम बदलतात त्या वेगाने ती निघत नाहीत. त्यामुळे आजचा विद्यार्थी बहुधा ऐकून वाचतो. संगणकावर वा मोबाइलवर पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी ती विकत घ्यावी लागे आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असे. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' नावाची विनामूल्य आज्ञावली सुरू केली. जेम्स तेह हे त्यांचे सहकारीही दृष्टिहीनच. आज ती मराठीही वाचते. म्हणजे कान आहेत, यंत्र आहे, पैशाची अडचणही बरीच दूर झाली आहे. उरली आहे ती मजकुराची अडचण.

यंत्राला वाचता यावे म्हणून अक्षर हे अक्षर म्हणून साठवलेले असावे लागते. छायाचित्रात अक्षरे नसतात. काळे-पांढरे ठिपके असतात. पुस्तकाची पाने स्कॅन करून पीडीएफ केली म्हणजे ती 'डिजिटल' झाली असा आपल्या प्राध्यापकांचा गोड समज आहे. प्रत्यक्षात त्या पीडीएफमध्ये पानांची चित्रेच असतात. मराठीत याहून वेगळा असा आणखी एक घोटाळा आहे. छापखान्यांत आणि टंकलेखनाच्या दुकानांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षर हे केवळ एक रूप असते. संगणकाच्या पोटात त्याच्या जागी रोमन अक्षर वा एखादे चिन्ह नोंदलेले असते. डोळ्यांना 'ज्ञान' दिसते. यंत्र मात्र आत नोंदलेली रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे एकामागून एक बडबडत सुटते. डोळस वाचकाला या फसवणुकीचा पत्ताही लागत नाही. ज्याला लागतो, त्याचा आवाज प्राध्यापकांच्या दालनापर्यंत पोहोचत नाही.

यावर उपाय नवा नाही. जगातील लिप्यांना एकच सांकेतिक क्रम देणारी युनिकोड पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि देवनागरी तिच्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही महाविद्यालयांतून फिरणारी कितीतरी मराठी टिपणे आणि प्रश्नसंच आजही जुन्या फाँटात किंवा छायाचित्रांच्या रूपात आहेत.

याचा परिणाम काय होतो? मराठी साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र मराठीतून शिकू पाहणारा अंध विद्यार्थी हळूहळू इंग्रजीकडे ढकलला जातो. कारण इंग्रजी मजकूर यंत्र सहज वाचते आणि मराठी वाचत नाही. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, तो वाचून दाखवणाऱ्यांच्या सवडीवर जगतो. मित्राची परीक्षा जवळ आली की त्याची सवड संपते, आणि नेमकी तेव्हाच याचीही परीक्षा जवळ आलेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आपण पेढे वाटले. आनंद योग्यच होता. पण ज्या भाषेतील पदवीची टिपणे त्या भाषेच्याच एका लेकराला वाचता येत नाहीत, त्या भाषेचा अभिमान मिरवताना आपण थोडे थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे.

'असे विद्यार्थी असतात किती?' हा प्रश्न हमखास येतो. आकडे बोलके आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली; महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजारांची. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण हजारी २२ पडते. आता उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा २०२०-२१ चा आकडा पाहा: सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांत अपंग विद्यार्थी ७९ हजारांच्या आसपास. म्हणजे हजारी दोनही नाहीत. जनगणनेच्या आकड्यात वृद्धांचीही गणना आहे हे मान्य करू. तरीही २२ आणि २ यांमधील दरी वयाने भरून निघत नाही. तेव्हा 'आमच्याकडे असा विद्यार्थीच नाही' असे एखादे महाविद्यालय सांगते, तेव्हा ते आपला बचाव करीत नसते; आरोपाला पुरावा पुरवीत असते. जिना बांधून ठेवायचा आणि चाकाच्या खुर्चीवरून वर कोणी येत नाही म्हणून उताराची गरज नाही असे म्हणायचे, अशातला हा प्रकार आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्यात २१ झाले, आणि वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेलाही त्यांत स्थान मिळाले. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन त्याने घातले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांच्या आणि सुलभतेच्या या तरतुदी पाळण्यास शिक्षणसंस्थांना बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

परंतु याच कायद्यात एक फट आहे, आणि तिच्यातूनच आपली मुले खाली पडतात. लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके, अभ्याससाहित्य आणि साहाय्यक साधने विनामूल्य देण्याचे कर्तव्य कायद्याने सरकारवर टाकले आहे. पण ते वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच. अठरावे वर्ष म्हणजे महाविद्यालयाचे पहिले वर्ष! शाळेत असताना ज्याच्या हाती पुस्तक आपणहून येत होते, त्याला पदवीच्या उंबरठ्यावर सांगितले जाते की आता तू मोठा झालास, तुझे तू पाहा. डोळस मुलाला मात्र अठराव्या वर्षानंतरही टिपणे वाचता येतातच. विषमता कोठे सुरू होते हे यावरून दिसेल. जेथे शासनाचा हात आखडतो, तेथून पुढे महाविद्यालयाची जबाबदारी अधिक जड होते, हलकी होत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप स्वामित्वहक्काचा. पुस्तक टंकलिखित करून वा ध्वनिमुद्रित करून दिले तर प्रकाशक कोर्टात खेचील, अशी भीती सांगितली जाते. ती निराधार आहे. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणत्याही पुस्तकाची सुलभ प्रत करण्याची मुभा मिळाली. कोणीही व्यक्ती हे करू शकते. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही नफा न घेता ते करता येते. पुढे जून २०१३ मध्ये मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा जगातील पहिला देश कोणता, तर आपला भारत. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे सुलभ पुस्तकांचे इंटरनेटवरील ग्रंथालयही सुरू झाले. कायदा पुढे गेला. भीती मात्र जागच्या जागी बसून आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. तयार झालेल्या शेकडो पानांचे पुन्हा टंकलेखन करायचे तर वेळ लागतो, हे खरे. पण म्हणूनच आम्ही 'तयार करताना' या शब्दांवर जोर देतो. प्राध्यापक टिपणे संगणकावर लिहिणारच असतील, तर ती युनिकोडमध्ये लिहिण्यास वेगळा पैसा पडत नाही. प्रकरणाच्या शीर्षकाला केवळ ठळक न करता शीर्षक म्हणूनच नोंदवले, तर ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. अन्यथा चाळीसाव्या पानावरील मुद्द्यासाठी पहिल्या पानापासून ऐकत यावे लागते. आलेखाखाली दोन ओळी लिहाव्यात. अर्थशास्त्रातील मागणीची रेषा घ्या: 'किंमत वाढते तशी मागणी घटते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते.' एवढे वाक्य पुरे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेचा नकाशा दाखवायचा असेल, तर किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि जमिनीचा मार्ग एकाच बाजूने आहे, हे शब्दांत सांगावे. हे लिहिताना शिक्षकाला आणखी एक लाभ होतो: त्या चित्रातून नेमके काय शिकवायचे आहे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

तिसरा आक्षेप दर्जाचा. 'सवलती दिल्या की पदवीची किंमत घसरते,' असे म्हणणारे सुशिक्षित लोक आपल्याला रोज भेटतात. त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधील विकास कुमार खटल्याचा निकाल समजून घ्यावा. हाताला पेटके येत असल्याने लिहू न शकणाऱ्या या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. ते वैद्यकीय पदवीधर होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि योग्य ती सोय करणे हा समानतेचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. आम्ही तर येथे सवलतीचीही मागणी करीत नाही. प्रश्न तोच, अभ्यासक्रम तोच, उत्तीर्ण होण्याची रेषाही तीच असू द्या. ज्या पानावरून इतरांनी अभ्यास केला ते पान यालाही वाचता यावे, इतकेच. यात दर्जा घसरतो म्हणणाऱ्यांनी, दर्जा म्हणजे चांगली दृष्टी असे त्यांना वाटते काय, हे एकदा सांगून टाकावे.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा. 'आता यंत्रे छायाचित्रातील अक्षरेही ओळखतात. मग आम्ही श्रम का घ्यावेत?' ओळखतात, हे खरे, आणि दिवसेंदिवस अधिक चांगली ओळखतील. पण वाकडे काढलेले छायाचित्र, हस्ताक्षर, जोडाक्षरे, दोन स्तंभांतील मजकूर, कोष्टके यांत ती अजूनही चुकतात. एखादा सन बदलतो, एखाद्या वाक्यातील 'न' गळतो. चूक कोठे झाली हे ज्याला दिसत नाही, त्यानेच ती शोधून दुरुस्त करायची, असा हा न्याय आहे. यंत्र मदतीला जरूर घ्यावे. ते घेऊन मजकूर तपासून देण्याचे काम मात्र डोळस माणसाचे आहे.

हे सारे केवळ अंधांसाठी नाही. ध्वनिचित्रफितीखाली मजकूर असला तर कर्णबधिर विद्यार्थ्याला व्याख्यान मिळते. २०२० च्या टाळेबंदीत सारे शिक्षण पडद्यावर गेले तेव्हा मजकूर नसलेल्या व्याख्यानांनी त्याला अक्षरशः वर्गाबाहेर काढले. ज्याला सलग वाचन कठीण जाते, तो तीच टिपणे ऐकू शकतो. लाल आणि हिरवा यांतील फरक ज्याला कळत नाही, त्याला आलेखातील रेषांवर नावे लिहिली म्हणजे पुरते. आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून येऊन पदवी घेणारी, घरातील पहिलीच शिकणारी मुलगी? तिला ना अंधत्व, ना बहिरेपण. पण शंभर छायाचित्रांची जड पीडीएफ तिच्या मोबाइलवर उतरता उतरत नाही. टंकलिखित पान त्या छायाचित्राच्या कितीतरी पट हलके असते. अंध सहाध्यायीसाठी केलेली टिपणे तिलाही पोहोचतात.

मुळात शिकवणाऱ्याच्या सोयीने साहित्य ठरवण्याचा रोग जुना आहे. पॅरिसच्या अंधशाळेत आरंभी नेहमीच्या रोमन अक्षरांचे उठाव कागदावर काढीत. ती डोळस शिक्षकांना ओळखता येत. विद्यार्थ्यांच्या बोटांना ती जड जात. त्याच शाळेतील लुई ब्रेल या मुलाने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, टिंबांची लिपी तयार केली. विद्यार्थ्यांनी ती उचलली. संस्थेला ती रुचली नाही. १८५२ साली ब्रेल निवर्तले, आणि १८५४ साली त्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. ज्याला वाचायचे आहे त्याला विचारण्याऐवजी ज्याला तपासायचे आहे त्याच्या डोळ्यांना जे बरे वाटते ते चालू ठेवणे, ही तेव्हाची चूक आजच्या छायाचित्रांच्या टिपणांतही तशीच आहे.

आपल्या समाजाला या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईचे बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील अशा अगदी पहिल्या शाळांत तिची गणना होते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ सालापासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालू आहे. हा वारसा अभिमानाचा खराच. पण वारसा एका इमारतीत असून भागत नाही. ख्रिस्ती संस्थांची महाविद्यालये कितीतरी आहेत. त्या प्रत्येकात किती विषयांची मराठी टिपणे यंत्राला वाचता येतात, असा प्रश्न आम्ही जाहीरपणे विचारतो. दरवर्षी ३ डिसेंबरला अपंग दिन साजरा होतो, फुले दिली जातात, भाषणे होतात. सरकारी भाषेत 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. ४ डिसेंबरच्या टिपणांत मात्र कोणताच बदल दिसत नाही.

वाचकांनी काय करावे? ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी पालकसभेत शुल्काबरोबर हाही प्रश्न विचारावा. आपले मूल डोळस असले तरी विचारावा, कारण ज्यांची मुले अंध आहेत ते विचारून थकले आहेत. आपल्यातील जे प्राध्यापक आहेत त्यांनी सत्र सुरू होण्यापूर्वी वाचनयादी द्यावी, म्हणजे पुस्तक सुलभ करून घेण्यास विद्यार्थ्याला अवधी मिळेल. आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे. धर्मग्रामातील तरुणांनी सुट्टीत अभ्यासक्रमातील एखादे मराठी पुस्तक युनिकोडमध्ये उतरवून काढावे व नीट तपासावे. कायद्याने त्याला वाट मोकळी केली आहे. आणि आपल्या समाजाच्या नियतकालिकांनी व प्रकाशनांनीही आपले फाँट एकदा तपासून पाहावेत.

संस्थाचालकांना आमचे मागणे एकच आहे. येत्या सत्रापासून आपल्या महाविद्यालयात जे नवे टिपण मुलांच्या हाती जाईल, ते यंत्राने मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय जाऊ नये. एक कान, एक संगणक आणि पाच मिनिटे, एवढाच याला खर्च आहे. यंत्र जेथे अडखळेल तेथे आपला एक विद्यार्थी अडलेला आहे असे समजावे, आणि पान पुन्हा लिहावे.